रान कुणी वाढवले?

चंद्रपूरहून ताडोबाच्या मोहर्ली गेटकडे निघाले की तुकूम मागे पडते आणि दुर्गापूर, ऊर्जानगर लागते. शहराच्या या टोकाला घर असणे म्हणजे शांतता, झाडी आणि मोकळी हवा, असा एक समज आहे. प्लॉट विकणारे तो आवडीने जोपासतात. मोकळ्या हवेचे सोडून द्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा चंद्रपूर 83.88 गुण घेऊन देशात चौथे आले होते, आणि गॅलरीच्या कठड्यावरून बोट फिरवले तर ते आजही काळे होते. प्रश्न शांततेचा आहे. 16 फेब्रुवारी 2022 च्या रात्री महाऔष्णिक वीज केंद्राच्या आवारात, पाळी संपवून घरी परतणाऱ्या एका कामगाराला वाघाने मारले. दुसऱ्याच रात्री दुर्गापुरात 16 वर्षांच्या मुलाला बिबट्याने उचलले. तेव्हापासून या वस्त्यांबद्दल दोन मते ठामपणे मांडली जातात. एक म्हणते, या जनावरांना पकडून दूर नेऊन सोडा. दुसरे म्हणते, वाघाच्या घरात माणूसच घुसला, मग आता तक्रार कसली? दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडतात, पण दोघांचे गृहीत एकच आहे: अलीकडे शहर, पलीकडे जंगल, मधे एक रेघ, आणि कुणीतरी ती ओलांडली. दुर्गापुरात अशी रेघ नाही, म्हणून दोन्ही मते चुकतात.

दुसरे मत शहरातल्या सुशिक्षितांना अधिक भावते, म्हणून आधी तेच पाहू. ऊर्जानगरची वसाहत कुणी निसर्गसौंदर्य बघून उभारलेली नाही. वीज केंद्राचा पहिला संच 1983 मध्ये सुरू झाला, त्याच्यासाठी माणसे लागली, म्हणून वसाहत झाली. शेजारी वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कोळसा खाणी होत्या, त्यांच्या आधाराने दुर्गापूर वाढले. कंत्राटी कामगार, ट्रकचालक, चहाटपरीवाले असे लोक इथे राहतात. ताडोबा व्याघ्र प्रकल्प 1995 चा, त्याचा बफर 2010 चा. यावर कुणी म्हणेल की राष्ट्रीय उद्यान 1955 पासूनच आहे आणि वाघ काही अधिसूचना वाचून फिरत नाही. कबूल. पण मग तो राहिला कुठे, हेही पाहावे लागेल. कंपन्यांसाठी संपादित केलेल्या, कुंपण घातलेल्या आणि वर्षानुवर्षे न वापरलेल्या जमिनीवर काटेरी झुडपे माजली. माणसाची वर्दळ नाही, गुरे नाहीत, सरपणाला कुणी येत नाही. रानडुकरांना लपायला जागा आणि पाणी मात्र जवळच. हे मूळचे जंगल नव्हे. वाघाला दिवसभर निवांत पडून राहता येईल असे रान आपणच वाढवले, आणि त्याला भिंतही घातली.

पहिल्या मताची अडचण वेगळी आहे. नेमके एखादे जनावर माणसे मारत असेल तर त्याला पकडावेच लागते. गडचिरोली, भंडारा आणि ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात 13 जणांचा बळी घेणारा सीटी-1 हा वाघ ऑक्टोबर 2022 मध्ये जेरबंद झाला. त्यात चूक काहीच नव्हते. पण आडोसा आणि भक्ष्य तसेच ठेवून एक वाघ उचलला, तर ती जागा दुसरा घेतो. ताडोबात वाढलेल्या तरुण नरांना जागा हवीच असते, आणि जिल्ह्यातले कितीतरी वाघ आजही प्रकल्पाबाहेरच राहतात. बिबट्याचे गणित तर आणखी सोपे आहे. वस्तीच्या मागच्या नाल्यावर जाऊन पाहा: चिकनच्या दुकानातली आतडी आणि पिसे, लग्नातल्या पत्रावळी, फुटलेल्या पन्न्या, त्यात तोंड घालून उभी डुकरे आणि त्यांच्यावर गुरगुरणारी सात-आठ कुत्री. बिबट्या या कुत्र्यांसाठी येतो, आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात नाल्याकडे बसलेला माणूस त्याला कुत्र्याएवढाच दिसतो. पिंजरा लावून हा नाला साफ होत नाही.

माझे म्हणणे असे की हा प्रश्न वाघाचा नाही आणि अतिक्रमणाचाही नाही. तो मालकीचा आहे. चंद्रपूरला महानगरपालिका 2011 मध्ये मिळाली, पण दुर्गापूर आणि ऊर्जानगर ग्रामपंचायतीच राहिल्या. कचरा ग्रामपंचायतीचा, जमीन वीज कंपनीची किंवा खाणीची, वीजपुरवठा महावितरणचा, वाघ वनखात्याचा. झुडपे कुणी तोडायची असे विचारले की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि, गंमत अशी, प्रत्येकाचे म्हणणे कागदोपत्री खरे असते. शहराच्या टोकाची म्हणून जी शांतता विकली जाते, ती बहुतांशी हीच: जिथे कुणाचेच काम नाही तिथे कुणी फिरकत नाही. 2920 मेगावॉटच्या केंद्राशेजारी रस्त्यावर दिव्याचा खांब नाही, हे पाहून ‘दिव्याखाली अंधार’ म्हणायचा मोह होतो. पण दिव्याखालचा अंधार दिव्याच्या बुडामुळे पडतो, त्याला इलाज नाही. हा अंधार खांब कुणाच्या खर्चाने उभा करायचा हे न ठरल्यामुळे आहे.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. झुडपे तोडा म्हणणे म्हणजे जंगल तोडायला वाट करून देणे नाही का? सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये विदर्भातले झुडपी जंगल हे वनच आहे असा निर्वाळा दिला. ‘झुडपी’ म्हणत म्हणत इथे किती जमीन गेली हे चंद्रपूर-गडचिरोलीकरांना सांगायला नको. पण त्या निकालाचा विषय महसुली नोंदीत झुडपी जंगल म्हणून असलेली जमीन हा आहे. उद्योगासाठी संपादित होऊन पडीक राहिलेल्या आवारात, घरे आणि कामगारांच्या वाटेलगत माजलेले काटेरी रान वेगळे. ज्याची नोंद वन म्हणून आहे त्याला हात लावू नये. उरलेल्या जागेतला घरांलगतचा आणि रस्त्यालगतचा पट्टा जमीनमालकाने दरवर्षी पावसाळ्यानंतर साफ केला, तर ताडोबातले एक पानही हलत नाही. दुसरा आक्षेप नेहमीचा: लोकांनीच काळजी घ्यावी, तिन्हीसांजेनंतर बाहेर पडू नये. हा सल्ला शेतात आणि रानात कामाला जाणाऱ्यांनाही दिला जातो. सिंदेवाही तालुक्यात 10 मे 2025 रोजी तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. तेंदूचा हंगाम त्यांनी ठरवला नव्हता आणि रात्रपाळीची वेळही कामगार ठरवत नाही. तोडणीला निदान जंगलात शिरावे लागते. दुर्गापूरचा कामगार फक्त ड्युटी संपवून घरी जात असतो.

म्हणून या बाजूला घर घ्यायला येणाऱ्याने मोहर्ली गेट किती किलोमीटरवर आहे हे विचारण्याआधी, मागच्या मोकळ्या जागेचा सातबारा कुणाच्या नावावर आहे ते तलाठ्याकडून काढून घ्यावे. नाव कळले की निदान अर्ज कुणाच्या नावे लिहायचा एवढे तरी ठरते.