गुण थोडे पडले म्हणून जमीन विकूं नका



ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वीं पाटीपेन्सिल नव्हती, त्या घरांत आज डॉक्टर झालेलीं मुलें आहेत. कुणब्याचीं, माळ्याचीं, सुताराचीं, कुंभाराचीं, धनगराचीं मुलें गळ्यांत नळी अडकवून सरकारी दवाखान्यांत उभीं आहेत, हें पाहून आम्हांस किती आनंद होतो तें सांगावयास नको. परंतु या आनंदाच्या पाठोपाठ एक नवी आपत्ति आपल्या घरांत शिरूं पाहत आहे. तिचें नांव 'वरची शाखा'. साडेपांच वर्षें घालवून एम. बी. बी. एस. झालेल्या मुलास आणखी तीन वर्षें शिकून एम. डी. किंवा एम. एस. व्हावयाचें असतें. त्यासाठीं सबंध देशाची मिळून नीट-पीजी नांवाची एक परीक्षा आहे. तींत गुण थोडे पडतात, मुलाला मात्र क्ष-किरणांची, नाहीं तर कातडीच्या रोगांची शाखा हवी असते, आणि मग कोणी तरी दलाल बापाच्या कानाशीं लागतो, "जागा मिळेल, पण जरा खर्च येईल." हा 'जरा' म्हणजे काय, तें उघड करून सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम परीक्षा समजून घ्या. प्रश्न २००, गुण ८००. बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराचा १ गुण कापला जातो. पुढें पात्र कोण तें रांगेंतील जागेवर ठरतें. तिला पर्सेंटाइल म्हणतात. ती टक्केवारी नव्हे. आम्ही मास्तर लोक फळ्यावर टक्केवारी शिकवितों, तरी आमच्यांतल्या पुष्कळांचाहि येथें घोटाळा होतो. शंभर मुलें गुणांप्रमाणें रांगेंत उभीं केलीं आणि तुमच्या मुलाच्या मागें ५० राहिलीं, तर तो ५० पर्सेंटाइलवर. रांगेंतलीं सगळींच मुलें हुशार असलीं तरी निम्मीं ५० च्या खालींच राहणार. जत्रेच्या शर्यतींत शेवटीं आलेली बैलजोडी नांगराला कुचकामी ठरत नाहीं. ती कोणाबरोबर धांवली तेंहि पाहावें लागतें. या रांगेंतला प्रत्येक जण डॉक्टरीची पहिली पदवी घेऊन आलेला आहे, हें विसरूं नये.

नियमाप्रमाणें खुल्या वर्गास ५०, आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्ग यांस ४० पर्सेंटाइल लागतें. पण जागा रिकाम्या राहिल्या कीं सरकार हा उंबरठा खालीं आणतें. २०२३ सालीं तो सर्वांसाठींच शून्यावर आणला. २०२५ च्या परीक्षेसाठीं २०२६ च्या जानेवारींत तो खुल्या वर्गास ७ आणि मागासवर्गांस ० केला. त्या शून्याचे गुण भरले उणे ४०. झालें! आमच्या मुलांची टवाळी करण्यास लोकांना तेवढें निमित्त पुरलें. खुल्या वर्गाचा उंबरठा ५० वरून ७ वर आला, त्याबद्दल हेच लोक ब्र काढीत नाहींत. २०२३ चें सर्वांचें शून्यहि ते सोयीनें विसरतात. शिवाय उंबरठा ओलांडला म्हणजे पानावर बसलों असें होत नाहीं. त्यानें फक्त रांगेंत उभें राहतां येतें. जागा क्रमांकानें मिळते, आणि शेवटची विद्यापीठाची परीक्षा सर्वांना एकच द्यावी लागते.

मग उंबरठा खालीं आणून लाभ कोणाचा झाला? रिकाम्या जागा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. एक शरीररचना, शरीरक्रिया असल्या शाखांच्या. तेथें रोगी तपासून धंदा करतां येत नाहीं म्हणून मुलें जात नाहींत. दुसऱ्या खासगी आणि अभिमत संस्थांच्या. तेथें फी झेपत नाहीं म्हणून जात नाहींत. या दुसऱ्या प्रकारांत गुण थोडे आणि पैसा फार, अशा घरचा मुलगा खुशाल आंत जातो. त्याच्याहून पुष्कळ अधिक गुण मिळविलेला पण गरीब घरचा मुलगा बाहेर राहतो. तेथें कोणीहि 'लायकी बुडाली' अशी हाकाटी करीत नाहीं! परदेशस्थांच्या नांवानें राखलेल्या जागांची कथा तर निराळीच. पंजाब सरकारनें २०२४ सालीं एम. बी. बी. एस. च्या अशा जागांसाठीं परदेशांत राहणाऱ्या काका-मामांचें नातेंहि चालेल असें ठरविलें. उच्च न्यायालयानें तें रद्द केलें, आणि सर्वोच्च न्यायालयानेंहि सरकारचें अपील फेटाळलें. लायकी बुडते ती तिजोरीच्या दारानें. आणि बोट मात्र झोंपडीच्या दाराकडे दाखविलें जातें.

सरकारी कॉलेजांतील पदव्युत्तर जागांपैकीं निम्म्या सबंध देशासाठीं असतात. त्यांत इतर मागासवर्गांस २७ टक्के जागा देण्याचा निर्णय २०२१ च्या जुलैंत झाला. तो कोर्टांत गेला. २० जानेवारी २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो उचलून धरला व सांगितलें कीं, एका परीक्षेचे गुण म्हणजे माणसाची सारी योग्यता नव्हे. त्या गुणांमागें घरची सुस्थिति आणि मिळालेलें शिक्षणहि उभें असतें. आमच्या लोकांना हें नवें नाहीं. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हें जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मांडलेंच होतें. आणि शाहू महाराजांनीं १९०२ सालीं मागासलेल्यांना नोकऱ्यांत निम्म्या जागा देऊन त्यावर उपायहि दाखविला होता.

तरीहि गुणांना किंमत नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. रोग्याच्या नाडीला जात कळत नाहीं आणि सबबहि कळत नाहीं. ज्याचे गुण थोडे पडले त्यानें आपलें कच्चें कोठें राहिलें तें शोधून पक्कें केलें पाहिजे. परंतु पैशानें शाखा बदलते, कच्चेंपण जात नाहीं, हें बापानें ध्यानांत धरावें.

आतां हिशेब करूं. अशा संस्थांत एकेका वर्षाची फी कित्येक लाख असते. फार मागणी असलेल्या शाखेंत तीन वर्षांची बेरीज कोठें कोठें कोटीच्या वर जाते. चार एकर बागाईत विकून एवढी रक्कम उभी राहिलीच, तर त्या जमिनींत दुसऱ्या भावाचा वांटा होता, बहिणीचा होता, म्हाताऱ्या आईबापांच्या भाकरीचा होता. पुढें क्ष-किरणांचा धंदा मांडावयाचा तर यंत्रांना पुन्हां कर्ज. हें सगळें फिटणार कोठून? रोग्यांकडून. नको त्या तपासण्या लिहून तो डॉक्टर पैसा काढील, आणि तो निघेल आपल्यासारख्याच एखाद्या घराची म्हैस विकून. सावकार गेला, आणि आपलाच मुलगा त्याच्या गादीवर बसला, असें व्हावयास नको.

मग थोड्या गुणांच्या मुलानें काय करावें? आमचें म्हणणें असें. पहिलें, आपल्या क्रमांकास सरकारी कॉलेजांत जी शाखा मिळेल तिचा मान ठेवावा. तेथें फी बेताची असून विद्यावेतन मिळतें. भूल देण्याची शाखा, क्षयरोग व छातीची शाखा, मनोविकारांची शाखा, जनआरोग्याची शाखा, यांना कोणी हलकें म्हणूं नये. भूल देणारा नाहीं म्हणून अडलेली बाळंतीण रात्रींच्या रात्रीं जिल्ह्याच्या गांवीं न्यावी लागते, हें खेड्यांतल्या कोणत्या बाईस ठाऊक नाहीं? दुसरें, राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डी. एन. बी. पदवी एम. डी. च्या तोडीची आहे. त्याच मंडळानें २०२० पासून दोन वर्षांच्या पदविकाहि सुरू केल्या. त्यांत भूल, बालरोग, कुटुंबवैद्यक आणि क्ष-किरणहि आहेत. तेव्हां हवी ती शाखा तिजोरीवांचून गांठण्याची ही एक वाट आहे. तिसरें, सरकारी आरोग्य केंद्रांत नोकरी करावी. नोकरींतल्या डॉक्टरांसाठीं राज्यांना वेगळ्या जागा राखतां येतात असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दिला, आणि महाराष्ट्र सरकारनें २०२२ सालीं अशा २० टक्के जागा ठरविल्या. चौथें, परीक्षेस पुन्हां बसावयाचें तर खुशाल बसावें, पण किती वेळां तें आधींच ठरवावें, आणि काम करीत अभ्यास करावा. वर्षानुवर्षें शहराच्या खोलींत कोंडून घेतलेल्या मुलाची उमेद आटते. आणि कोणतीहि जागा घेण्यापूर्वीं अटींचा कागद घरांत मोठ्यानें वाचावा. मध्येंच सोडल्यास दंड बसतो.

मुलींविषयीं एक शब्द. मुलाच्या थोड्या गुणांसाठीं जमीन विकावयास निघालेला बाप मुलीच्या चांगल्या गुणांनाहि 'आतां लग्नाचें पाहूं' म्हणतो. डॉ. रखमाबाई सुतार जातींतल्या. बालपणींच्या लग्नाविरुद्ध त्या कोर्टांत लढल्या, विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथें बायकांच्या दवाखान्यांत त्यांनीं आयुष्य वेंचलें. सत्यशोधक समाजाचे पुढारी डॉ. विश्राम रामजी घोले हे गवळी जातींतले नांवाजलेले शस्त्रवैद्य होते. आपल्या जातींत वैद्यकी ही आज उगवलेली गोष्ट नव्हे.

शेवटीं समाजाच्या पुढाऱ्यांस आमचें मागणें. पुतळ्यांच्या वर्गण्या पुष्कळ झाल्या. जिल्ह्याजिल्ह्यांत परीक्षेस बसणाऱ्या डॉक्टर मुलामुलींसाठीं वसतिगृह आणि वाचनालय काढा; कोल्हापुरास शाहू महाराजांनीं जातीजातींच्या वसतिगृहांना हात दिला, तो कित्ता समोर आहे. सरकारी कॉलेजांत जागा वाढवा आणि खासगी फीला लगाम घाला, असें आमदारांस मतें मागावयास येतील तेव्हां तोंडावर विचारा. आणि घरोघरच्या बापांनो, मुलाचे गुण थोडे पडले तर त्याच्या पाठीवर हात ठेवा, सातबाऱ्यावर ठेवूं नका. गुण पुढच्या वर्षीं वाढतील; विकलेली जमीन परत येत नाहीं.