1960 सालचा बिल्ला

21 डिसेंबर 1909च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. विनायक दामोदर सावरकर तेव्हा विलायतेत होते. तरीही डिसेंबर 1910मध्ये नाशिक कटाच्या खटल्यात त्यांना जन्मठेप झाली आणि 30 जानेवारी 1911 रोजी जॅक्सनच्या खुनाला साहाय्य केल्याबद्दल दुसरी. पहिली भोगून संपली की दुसरी सुरू. त्या काळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचा नियमच तसा. पंचवीस अधिक पंचवीस. अंदमानात छातीवर मिरवायच्या बिल्ल्यावर सुटकेचे साल होते 1960. माणसाला जन्म एकच असतो, हे सरकारी वहीला ठाऊक नव्हते.

1973च्या संहितेने ते मान्य केले. जन्मठेप भोगणाऱ्याला पुन्हा शिक्षा झाली, तर दोन्ही एकदमच चालाव्यात, असे तिच्या कलम 427ने ठरवले. स्वतंत्र देशाने केलेली ही दुरुस्ती मला मोठी वाटते. तिचे कौतुक फारसे कुणी केले नाही.

मागची शिक्षा मोजूच नये, असे मात्र कायदा कधी म्हणाला नाही. चोरी-दरोड्यात पुन्हा सापडलेल्याला थेट जन्मठेपेपर्यंत नेणारे कलम 75 हे 1860च्या दंड संहितेचे. आज ते न्याय संहितेत कलम 13 आहे. पण त्याला एक शिस्त होती. नवा गुन्हा शाबीत होईपर्यंत न्यायाधीशाने त्या जुन्या शिक्षेचा आरोप वाचायचा नाही. 1908 साली टिळकांची 1897ची शिक्षा न्यायमूर्ती दावर यांनी बोलून दाखवली, तीही ज्यूरीचा कौल आल्यावर. (1897मध्ये टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील हेच दावर!)

ती शिस्त 1999च्या मोक्क्याने, म्हणजे महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याने, सैल केली. त्यात मागची शिक्षा लागतच नाही. टोळीवर दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे, न्यायालयाने त्यांची घेतलेली दखल आणि नवा गुन्हा, एवढ्यावर कलम लागते; शाबीत झाले की किमान पाच वर्षे. अमेरिकेचा संघीय कायदा शस्त्र बाळगणाऱ्या सराईताला किमान पंधरा वर्षे देतो, पण त्याआधी तीन गुन्हे शाबीत झालेले असावे लागतात.

नाशिकच्या वर्तमानपत्रांत ‘सराईत’ हा शब्द आरोपीच्या नावाआधी येतो. त्याच्यावरचे ‘दाखल गुन्हे’ किती, ते छापलेले असते. त्यांतले शाबीत किती, ते बातमीत सहसा नसते.