लशीचा ताप दोन दिवसांत उतरला, कोरोनाचे कर्ज अजून फिटले नाही



हल्ली वस्तीत एखादा तरुण हृदयविकाराने गेला की चितेची राख थंड होण्याआधी व्हॉट्सॲपवर निकाल लागतो : "लशीनेच मारला." शवविच्छेदन नाही, डॉक्टरांचे कागद नाहीत. आणि हे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांत डीपीवर बाबासाहेब लावलेली आपलीच पोरे असतात!

म्हणून आम्ही अनुभवाचाच हिशेब मांडतो. लस घेतली तेव्हा दंड सुजला, अंग ठणकले, रात्रभर हुडहुडी भरली. दोन दिवसांची मजुरी बुडाली, तिसऱ्या दिवशी माणसे कामावर. आणि कोरोना झाला तेव्हा? एप्रिल २०२१ मध्ये एका ऑक्सिजन बेडसाठी आम्ही रात्र-रात्र फोन फिरवत होतो. खाजगी दवाखान्यांनी आधी अनामत घेतली, मग पेशंट आत घेतला. मंगळसूत्रे गहाण पडली, सावकाराचे व्याज सुरू झाले. वाचले त्यांना महिनोन्‌महिने जिना चढताना धाप लागली. गेले त्यांचे तोंडही धड पाहायला मिळाले नाही.

कोणी म्हणेल, "गुठळ्या होतात हे कंपनीनेच कबूल केले." होय, केले. फार क्वचित प्रसंगी गुठळ्या होऊन प्लेटलेट्स घटू शकतात, हे ॲस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या न्यायालयात मान्य केल्याचे २०२४ मध्ये समोर आले. पुण्यात बनलेली कोविशील्ड तीच लस. पण हा त्रास बहुधा डोसनंतरच्या काही आठवड्यांत दिसतो. तीन वर्षांनी आलेला झटका त्याच्या खात्यावर कसा टाकणार? शिवाय रक्तात गुठळ्या खुद्द कोरोनाही करतो, आणि लशीपेक्षा कितीतरी जास्त वेळा. फरक एवढाच, की लशीचा ताप सांगायला माणूस जिवंत असतो. कोरोनाने मेलेला मेसेज पाठवत नाही.

या अफवेचा फायदा कोणाला होतो, ते पाहा. २०२०-२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सरकारी आकडा पाच लाखांच्याही आत. ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याची राज्यांकडून नोंद नाही, असे जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत सांगितले गेले. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयाच्यांना लस हवी तर आधी ऑनलाइन नोंदणी करा म्हटले. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याने काय करायचे? सगळा राग लशीवर काढला की हे प्रश्न आपोआप मिटतात.

ज्यांना लशीने खरोखर इजा झाली, त्यांच्या बाजूने आम्ही उभे आहोत. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, लशीची सक्ती करता येणार नाही आणि दुष्परिणामांची माहिती लोकांपुढे ठेवा. २०२२ मध्येच केंद्राने मात्र प्रतिज्ञापत्र देऊन भरपाईच्या जबाबदारीतून हात झटकले. लढायचे तर इथे लढा. प्रत्येक तक्रारीची चौकशी, उघड आकडे आणि पीडिताच्या घराला भरपाई मागा.

सावित्रीमाई १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता गेल्या. बुद्धाने कालामांना सांगितले, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या. हा वारसा सांगणाऱ्याने फॉरवर्डचे बटण दाबण्याआधी एवढेच विचारावे : पुरावा काय?

जय भीम!