वेप फुटतो तेव्हा नेमकं काय फुटतं? १८६५० सेल, अँपिअरचा हिशोब आणि आपली टॉर्च

ई-सिगारेटवर भारतात बंदी आहे. १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश निघाला आणि त्याच डिसेंबरमध्ये कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळं बंद. उत्पादन, आयात, विक्री किंवा जाहिरातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मग वेपच्या बॅटरीवर मराठीत लिहायचं कशाला?

माझ्याकडे दोन कारणं आहेत. एक म्हणजे दुबई, लंडन, न्यू जर्सीत राहणारे आपले बरेच वाचक आहेत आणि तिथे ही वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. या उपकरणात जो सेल फुटतो, तोच तुमच्या रिचार्जेबल टॉर्चमध्ये, ट्रिमरमध्ये, कित्येक पॉवर बँकांमध्ये आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत बसलेला आहे. त्याचं नाव १८६५०. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचा शून्य म्हणजे आकार गोल. वेपिंगवाल्यांनी या सेलला त्याच्या मर्यादेपर्यंत रेटलं, म्हणून त्याचे दोष तिथे आधी दिसले. धडा मात्र सगळ्यांना लागू आहे.

(निकोटिन चांगलं की वाईट हा आजचा विषय नाही. माझं मत विचाराल तर ओढूच नका. पण बॅटरीला तुमच्या सवयीशी काही देणंघेणं नसतं.)

आकडे आधी बघू. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ मध्ये एक अहवाल काढला. २००९ ते २०१६ या काळात माध्यमांत आलेल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना त्यांनी मोजल्या. १३३ जण जखमी, त्यातले ३८ गंभीर. त्यानंतर २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये प्रत्येकी एक मृत्यूही झाला. मला या अहवालात सगळ्यात बोलका वाटला तो एक तपशील: १९५ पैकी ६१ घटनांत उपकरण किंवा सुटा सेल खिशात होता. ६० घटना ओढताना झाल्या, ४८ चार्जिंगला लावलेलं असताना. म्हणजे जवळपास एक तृतीयांश वेळा माणूस काहीच करत नव्हता. पँटच्या खिशात सेल ठेवून चालला होता, बास.

हे का होतं ते सेलची रचना पाहिली की कळतं. आपण साध्या पेन्सिल सेलकडे बघतो तसं याच्याकडे बघतो, वर प्लस आणि खाली मायनस. पण १८६५० चा अख्खा धातूचा डबा मायनस असतो, अगदी वरच्या कडेपर्यंत. मधलं छोटं बटण तेवढं प्लस. या दोघांमध्ये एक पातळ इन्सुलेटरची चकती आणि बाहेरचं प्लॅस्टिकचं वेष्टन, एवढंच काय ते अंतर. वेष्टन वरच्या कडेला नखाएवढं फाटलं आणि खिशात किल्ली किंवा पाच रुपयांचं नाणं असलं की शॉर्ट सर्किट तयार. टॉर्चच्या सेललाही हेच लागू आहे. घरात सुटा सेल पडला असेल तर आत्ता उठून त्याचं वेष्टन बघा. फाटलेलं असेल तर तो वापरू नका.

अँपिअरचा हिशोब

आता उष्णतेकडे येऊ, कारण 'जास्त पॉवर' या शब्दात सगळी मेख आहे.

वेपिंगची साधी, सर्किट नसलेली उपकरणं असतात, त्यांना मेकॅनिकल मॉड म्हणतात. बॅटरी, बटण आणि तापणारी तारेची कॉइल. मधे कुठलीही चिप नाही. दहावीतला ओहमचा नियम इथे थेट लागतो. पूर्ण चार्ज सेल ४.२ व्होल्ट आणि कॉइल ०.१५ ओहमची असेल, तर विद्युतप्रवाह ४.२ भागिले ०.१५, म्हणजे २८ अँपिअर. आपल्या घरातल्या १५ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटच्या जवळपास दुप्पट, तोही अंगठ्याएवढ्या सेलमधून.

सेललाही स्वतःचा अंतर्गत रोध असतो, समजा २० मिलिओहम. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. २ अँपिअरला सेलच्या आत ०.०८ वॉट, म्हणजे काहीच नाही. २८ अँपिअरला सुमारे १५.७ वॉट. टॉर्चच्या तुलनेत प्रवाह १४ पट, उष्णता १९६ पट. सेलचं वजन जेमतेम ४५ ते ४८ ग्रॅम, तेव्हा ५ सेकंदांच्या एका झुरक्यात तो अंदाजे २ अंशांनी तापतो. लागोपाठ दहा झुरके घेतले तर २० अंशांच्या आसपास. बहुतेक कंपन्या वापरतानाची मर्यादा ६० अंशांच्या आसपास देतात. मे महिन्यात नागपुरात किंवा दुबईत उन्हात उभ्या गाडीत ठेवलेलं उपकरण आधीच किती तापलेलं असेल, ते तुम्हीच धरा.

चिप असलेल्या उपकरणांत हिशोब जरा उलटा असतो आणि तिथेच लोक फसतात. दोन सेलच्या डब्यावर '२०० वॉट' लिहिलेलं असतं. म्हणजे प्रत्येक सेलकडून १०० वॉट. चार्ज उतरत आला की व्होल्टेज ३.२ वर येतं, सर्किटची कार्यक्षमता ९० टक्के धरू. १०० भागिले ३.२ भागिले ०.९, म्हणजे जवळपास ३५ अँपिअर. चार्ज जेवढा कमी, तेवढा प्रवाह जास्त ओढला जातो, कारण चिपला वॉट तेवढेच ठेवायचे असतात. ३५ अँपिअर सतत देणारा १८६५० हुडकायला गेलात तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही पर्याय मिळत नाहीत. डब्यावरचा आकडा बहुतांशी मिरवायचा असतो.

सेल मर्यादेबाहेर तापला की आतले थर एकामागून एक मोडत जातात. शंभर अंशांच्या आसपास इलेक्ट्रोडवरचा संरक्षक पापुद्रा विघटित होतो आणि त्यातून आणखी उष्णता निघते. १३० अंशांच्या पुढे प्लस-मायनसमधला प्लॅस्टिकचा पडदा वितळतो, आतल्या आत शॉर्ट होतो, आणि मग बाहेरून काहीही केलं तरी ती साखळी थांबत नाही. यालाच थर्मल रनअवे म्हणतात. ३००० एमएएचच्या सेलमध्ये सुमारे ३९ किलोज्यूल विद्युत ऊर्जा असते. कपभर पाणी उकळायला ती पुरते. शिवाय आतलं ज्वलनशील द्रव जळतं ते वेगळंच. सेलच्या वरच्या टोकाला वायू बाहेर सोडायची सोय असते, पण उपकरणाची नळी बंद असेल तर तो वायू जाणार कुठे? लॅपटॉपची बॅटरी पेटते. ही नळी मात्र रॉकेटसारखी उडते, तेही तोंडासमोर.

सेल निवडताना

इथे एक गोष्ट घट्ट लक्षात ठेवा: क्षमता आणि प्रवाह यांत नेहमी देवाणघेवाण असते. सॅमसंगचा २५आर २५०० एमएएचचा आहे आणि २० अँपिअर सतत देतो. एलजीचा एचजी२ ३००० एमएएच, २० अँपिअर. पॅनासॉनिकचा एनसीआर१८६५०बी ३४०० एमएएचचा, म्हणजे 'मोठा', पण त्याच्याकडून पाच-सहा अँपिअरच्या पुढे अपेक्षा करू नये. टॉर्चला तो उत्तम, वेपला धोकादायक. म्हणून 'जास्त एमएएच म्हणजे चांगला' हा समज इथे थेट अंगावर येतो.

आणि आपल्या बाजारात मिळणारे ते '९९०० एमएएच'वाले सेल? या आकारात एवढी क्षमता बसतच नाही. नावाजलेल्या कंपन्यांचे १८६५० साधारण ३५००-३६०० एमएएचला थांबतात. त्याच्या कितीतरी वरचा आकडा दिसला की तो सेल खोटा, पुढे काही वाचायची गरज नाही. वजन करून बघा, ३० ग्रॅमच्या आसपास भरला तर आत काय आहे ते समजून जा. खूपदा जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या सेलवर नवं रंगीत वेष्टन चढवलेलं असतं. वेष्टनावर '३५ए' किंवा '४०ए' छापलेलं असलं तरी तो क्षणभराचा आकडा असू शकतो. कंपनीच्या डेटाशीटमधला सतत प्रवाहाचा आकडाच खरा. दोन सेलचं उपकरण असेल तर दोन्ही एकाच दिवशी घेतलेले, एकाच कंपनीचे, आणि कायम जोडीनेच चार्ज केलेले हवेत. सुटा सेल नेताना प्लॅस्टिकची डबी, जी वीस-तीस रुपयांत मिळते.

पण मुळात सुटा सेल विकत घ्यावा का? गंमत अशी की हे सेल बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच 'नाही' म्हणतात. त्यांच्या मते हा कारखान्यांना विकायचा सुटा भाग आहे, जो संरक्षक सर्किट लावलेल्या पॅकमध्येच बसला पाहिजे. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानेही जानेवारी २०२१ मध्ये हेच सांगितलं: सुटे १८६५० घेऊ नका, वापरू नका. तरीही ते सर्वत्र मिळतात. टेक्सासमध्ये खिशात सेल फुटलेल्या एका ग्राहकाने एलजी केमवर दावा लावला, तेव्हा कंपनीचा युक्तिवाद होता की आम्ही टेक्सासमध्ये सेल विकले ते उद्योगांना, अशा ग्राहकांना नव्हे, म्हणून इथे खटला चालू नये. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. हा निकाल खटला टेक्सासमध्ये चालू शकतो एवढ्यापुरताच होता, दोष कोणाचा हे त्यात ठरलं नाही. पण 'आम्ही तुला विकलाच नव्हता' म्हणून कंपनीला दारातच सुटता आलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. बंदी असलेली वस्तू चोरट्या मार्गाने येते, तिच्यावर बीआयएसचा शिक्का नसतो आणि सदोष निघाली तर ती परत मागवणारी कंपनीही नसते. बंदी योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवला तरी, स्फोट झाल्यावर दाद मागायला जागा नाही हे खरं आहे. टॉर्च आणि पॉवर बँकच्या बाबतीत मात्र आपल्याला ही सोय आहे. लिथियम सेल आणि पॉवर बँक यांना बीआयएसची सक्तीची नोंदणी लागते. वस्तूवर 'आर-' ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव दिसतं. दिसलं नाही तर पैसे परत घ्या.

या सगळ्याचा ताजा भाग विमानात घडतोय. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान उड्डाणापूर्वी जळालं, आतले १७६ जण बाहेर पडले. तपासात संशयाची सुई वरच्या कप्प्यातल्या पॉवर बँककडे वळली. त्यानंतर आशियातल्या अनेक विमान कंपन्यांनी नियम कडक केले. १ ऑक्टोबर २०२५ पासून एमिरेट्सच्या विमानात पॉवर बँक नेता येते, वापरता येत नाही. वेप, पॉवर बँक आणि सुटे सेल चेक-इन बॅगेत चालत नाहीत, याचं कारण साधं आहे: सामानाच्या कप्प्यात सेल पेटला तर तिथे कोणी पोहोचू शकत नाही, केबिनमध्ये पोहोचता येतं. हातातल्या बॅगेत १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची होते, म्हणजे चालते.

सेल हाताला चटका बसेल इतका गरम झाला, फुगला किंवा त्यातून गोडसर रसायनाचा वास आला तर चार्जिंग लगेच बंद करा आणि तो फरशीवर किंवा गॅलरीत, पडदे-गाद्यांपासून लांब ठेवा. धूर सुरू झाला असेल तर हात लावू नका. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतं, तो छातीत घेऊ नका. बाहेर पडा आणि १०१ ला फोन करा. भिंतीच्या सॉकेटला न जोडलेल्या लहान सेलवर लांबून भरपूर पाणी ओतणं योग्य आहे, कारण त्याला थंड करणं हाच उपाय असतो. आणि मेलेला सेल ओल्या-सुक्या कुठल्याच कचऱ्यात टाकू नका. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या, नाहीतर घंटागाडीत दाबला जाऊन तो तिथे पेटेल.