गेम खेळायला मोठा टीव्ही? आधी खोलीत टेप धरा

आजचा विषय बघून तुम्हाला वाटेल, डॉक्टरांनी दवाखाना बंद करून इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान टाकलं की काय. तसं काही नाही. पण गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न माझ्या टेबलासमोर इतक्या वेळा आला की त्यावर एकदा लिहून टाकावं म्हटलं. २२ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे बरोबर घटस्थापनेच्या दिवशी, ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हापासून आमच्या रहिमतपुरातसुद्धा ५५ इंची खोकी टेम्पोतून उतरताना दिसू लागली.

सुरुवात एका पेशंटपासून करतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) बावीस वर्षांचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. बरोबर वडील. आल्याचे शेतकरी, बीपीचे माझे जुने पेशंट. मुलाची तक्रार अशी: संध्याकाळनंतर कपाळ ठणकतं, मान आखडते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. मी तपासायला लागलो तोच वडील म्हणाले, "डॉक्टर, ह्याच्या डोक्याचा फोटू काढा एकदा. आनि तुमीच सांगा ह्याला, ती टीव्ही-बीव्ही काय घ्यायची न्हाई म्हणून. माझं ऐकंना."

मुलगा खाली बघत म्हणाला, "सर, टीव्ही म्हणून नाही. पीसीला जोडायला. ५५ इंच, १४४ हर्ट्झ. त्याच साइझचा मॉनिटर घ्यायचा तर दुप्पट पैसे."

मग वडिलांची खरी भीती बाहेर आली. त्यांना वाटत होतं, गेम म्हणजे मोबाईलवरची रमी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली, पण त्याआधी गावोगावी काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. हे खेळ ते नव्हेत, हे समजावण्यात माझी दहा मिनिटं गेली. ती वाया गेली असं मी मानत नाही. बापलेक सहा महिने या विषयावर भांडत होते आणि दोघं वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत होते.

आता माझं मत. ज्याला पीसीवर गेम खेळायचेच आहेत, त्याने मोठा टीव्ही घेण्याला डॉक्टर म्हणून माझा विरोध नाही. उलट योग्य अंतरावरून पाहिला तर तो मोबाईलपेक्षा डोळ्यांना पुष्कळ सोपा. माझा विरोध आहे तो टेबलावर ठेवलेल्या मोठ्या टीव्हीला. आणि नेमकं तेच या मुलाच्या डोक्यात होतं: दहा बाय दहाची खोली, भिंतीला दोन फुटी टेबल, त्यावर ५५ इंची टीव्ही आणि समोर खुर्ची.

हिशेब करून बघू. ५५ इंची टीव्ही चार फूट रुंद असतो. डोळ्यांपासून तो अडीच फुटांवर आला तर त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जवळजवळ ७५ अंशांचा कोन होतो. मान न वळवता डोळे आरामात फिरतात ते साधारण ३० ते ४० अंशांत. म्हणजे गेममधला नकाशा एका कोपऱ्यात, गोळ्यांचा आकडा दुसऱ्या कोपऱ्यात, आणि तुमची मान तीन तास टेबलफॅनसारखी फिरत राहणार. जत्रेतल्या तंबूतल्या सिनेमाला पहिल्या रांगेत बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

उंचीचा घोटाळा त्याहून मोठा. टेबल अडीच फुटी, टीव्ही सव्वादोन फूट उंच, वर स्टँड. वरची कड जमिनीपासून पाच फुटांवर गेली. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे असतात पावणेचार ते चार फुटांवर. म्हणजे तुम्ही सतत वर बघताय. वर बघताना मान मागे पडते, आणि पापण्या जास्त उघड्या राहतात. स्क्रीनकडे एकटक बघताना पापणी मिटण्याचं प्रमाण आधीच निम्म्यावर येतं. त्यात डोळा जास्त उघडा, वर पंखा. वाळू गेल्यासारखं होणारच. (कबूल करतो, माझ्या दवाखान्यातल्या बाकांसमोरचा टीव्ही मीच कितीतरी वर्षं छताला लावून ठेवला होता. पेशंट मान वर करून बातम्या बघत आणि आत येऊन मान दुखते म्हणत. आता तो खाली आणलाय.)

मग अंतर किती हवं? सोपी युक्ती सांगतो. टीव्हीच्या इंचांच्या आकड्यात मधे टिंब टाका, की कमीत कमी अंतर फुटांत मिळतं. ५५ इंचाला ५.५ फूट. ६५ इंचाला ६.५ फूट. ४३ ला ४.३. तिथून पुढे दीड-दोन फूट मागे गेलात तरी चित्र छान दिसतं. हाच हिशेब टेबलावरच्या २७ इंची मॉनिटरला लावा: २.७ फूट, म्हणजे आपण एरवी बसतो तेवढंच. याचा अर्थ, टेबलावरचा २७ इंची मॉनिटर आणि साडेपाच फुटांवरचा ५५ इंची टीव्ही डोळ्याला जवळपास सारख्याच आकाराचे दिसतात. टेबलावर बसूनच खेळायचं असेल तर मोठ्या टीव्हीचे पैसे तुम्ही मानेच्या दुखण्यासाठी मोजताय.

लांब बसण्याचा एक खरा फायदा मात्र आहे. जवळचं बघताना डोळ्यातल्या भिंगाला फुगावं लागतं आणि ते काम आतला एक छोटा स्नायू करतो. एका फुटावरच्या मोबाईलसाठी त्याला साधारण सव्वातीन डायॉप्टरचा जोर लावावा लागतो. अडीच फुटांवरच्या मॉनिटरला सव्वा, आणि साडेपाच-सहा फुटांवरच्या टीव्हीला जेमतेम अर्धा. त्यामुळे "मोठ्या टीव्हीने डोळे जातात" म्हणणाऱ्या आणि त्याच वेळी नातवाच्या हातात गप्प बसायला मोबाईल देणाऱ्या आजी-आजोबांना माझी विनंती आहे की वाईट काय ते आधी नीट ठरवा.

आता हर्ट्झ. दुकानात सगळ्यात जास्त बोलबाला याचाच. रिफ्रेश रेट म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो. ६० हर्ट्झला दर १६.७ मिलिसेकंदांनी, १२० ला दर ८.३ मिलिसेकंदांनी. वेगाने वळणारी गाडी किंवा पळणारा माणूस १२० वर नक्कीच स्वच्छ दिसतो, हे मी स्वतः पाहिलंय. पण "जास्त हर्ट्झ म्हणजे डोळ्यांना त्रास नाही" हे जे विक्रेते सांगतात, ते जुन्या काचेच्या, पाठीवर कुबड असलेल्या टीव्हीच्या काळातलं शिळं ज्ञान आहे. तो पडदा खरोखरच सेकंदाला ५० वेळा लुकलुकायचा. आजचा एलईडी पडदा तसा विझत-पेटत नाही, फक्त चित्र बदलतो. आजच्या टीव्हीत लुकलुक असलीच तर ती मागच्या दिव्याची, काही मॉडेलांत उजेड कमी केल्यावर येणारी. अर्धशिशी असणाऱ्यांनी दुकानात ब्राइटनेस निम्म्यावर आणून दहा मिनिटं बघावं. १२० ऐवजी १४४ घ्यायला वैद्यकीय कारण मला एकही दिसत नाही.

खेळाडू म्हणून कारण आहे का? माणसाने काही पाहिलं आणि बोट दाबलं, यात मुळातच २०० ते २५० मिलिसेकंद जातात. ६० वरून १२० ला गेल्याने वाचतात त्यातले आठ. याउलट टीव्ही चित्र सुंदर करायच्या नादात ते थोडा वेळ अडवून ठेवतो. गेम मोड चालू नसेल तर काही टीव्ही ५० ते १०० मिलिसेकंद उशीर करतात. गेम मोड लावला की चांगल्या टीव्हीत तो दहा-पंधरावर येतो. म्हणजे रिमोटवरचं एक फुकटचं बटण हर्ट्झच्या दसपट काम करतं आणि त्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही!

बोलतात ते "मोशन रेट २४०" वगैरे. तो आकडा जाहिरातीचा. विचारायचं एवढंच, "पॅनेल नेटिव्ह किती हर्ट्झचं?" ६० म्हणाले तर उठा. पुढचा प्रश्न एचडीएमआय २.१ चा. ४के चित्र १२० हर्ट्झने पाठवायला ते लागतं, आणि पुष्कळ टीव्हींच्या चार पोर्टांपैकी दोनच तसे असतात. पीसीचं ग्राफिक्स कार्डही तेवढं नवं हवं, साधारण २०२० नंतरच्या पिढीचं. ४के म्हणजे एका चित्रात ८३ लाख ठिपके, ते सेकंदाला १२० वेळा. जुन्या कार्डाला हे झेपत नाही. मग टीव्ही १२० चा आणि गेम चालतोय ४० वर, अशी गंमत होते. अशा वेळी व्हीआरआर नावाची सोय असलेला टीव्ही बरा. कार्डाकडून चित्र येईल तेव्हाच तो ते दाखवतो, त्यामुळे धक्के कमी जाणवतात.

घरी आणल्यावरच्या दोन गोष्टी. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १२० हर्ट्झ आपण स्वतः निवडावं लागतं, नाहीतर ते अनेकदा ६० वरच राहतं. आणि टीव्हीत त्या पोर्टचं नाव बदलून 'पीसी' करा. तसं केलं नाही तर बऱ्याच टीव्हींत रंगीत अक्षरांच्या कडा पुसट येतात. मग माणूस वाचायला पुढे वाकतो आणि पाठीचं दुखणं घेऊन माझ्याकडे येतो.

हे सगळं त्या मुलाला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसला. डॉक्टर पोर्टबद्दल बोलतील असं त्याला वाटलं नसावं. मला हे त्याच्यासारख्याच पोरांनी शिकवलंय, ते जाऊ दे. तपासणीत काळजीचं काही नव्हतं. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, तर थोडा सिलिंड्रिकल नंबर निघाला. डोक्याचा फोटो काढला नाही.

पण इतिहास विचारताना दुसरंच कळलं. मुलगा जेवायला बाहेर येत नव्हता. आई ताट दारात ठेवायची. रात्री दोनपर्यंत खेळ, सकाळी दहाला उठणं. निळ्या प्रकाशाचा बागुलबुवा मी फार करत नाही. झोप मोडते ती उत्तेजनेने आणि "आणखी एक मॅच"ने. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर हे निदान आयसीडी-११ मध्ये घातलंय, १ जानेवारी २०२२ पासून ते लागू आहे. त्याच्या अटी कडक आहेत: स्वतःवर ताबा न राहणं, खेळापुढे बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे साधारण बारा महिने. हा मुलगा परीक्षा पास होत होता, त्याला मित्र होते. व्यसनी म्हणावं अशी स्थिती नव्हती. तिकडे सरकत होता का? मला वाटलं, हो.

म्हणून मी एकच अट घातली. टीव्ही घ्यायचा, पण सोप्यात ठेवायचा. तिथे भिंतीपासून दिवाणापर्यंत सात फूट मिळतात, अंतराचा प्रश्न सुटतो. आणि सोप्यातला टीव्ही सगळ्यांचा असतो. वेळ ठरवावीच लागते. पुसेसावळीवरून पुढे गेलं की कडेगाव तालुक्यात मोहित्यांचं वडगाव आहे. तिथे ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद. त्या गावाने टीव्ही विकले नाहीत की फोडले नाहीत. दीड तास बाजूला काढला, तोही सगळ्यांनी मिळून. एकट्या पोराला खोलीत जाऊन "बंद कर" म्हणण्यापेक्षा मला हा मार्ग पटतो. बापाने बातम्या बंद करायच्या नाहीत आणि पोराने गेम बंद करायचा, हे चालणार नाही, हेही मी वडिलांना तिथेच सांगितलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

घरात कुणाला फिट येत असेल तर मात्र आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या लुकलुकाटाने सहाशेहून अधिक लोकांना, बहुतेक मुलंच, दवाखान्यात न्यावं लागलं होतं. पडदा मोठा, खोली अंधारी आणि अंतर कमी, की धोका वाढतो. आणि दर तासाला उठा. २००३ मध्ये न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी कम्प्युटरसमोर तासन् तास बसणाऱ्या ३२ वर्षांच्या माणसाची केस छापली होती. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली होती. औंध आपल्या उशाला आहे. तिथल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार जगभर नेले. दोन मॅचच्या मधे चार घालायला हरकत नाही.

गेल्या महिन्यात वडील बीपी दाखवायला आले. टीव्ही घेतलाय, सोप्यात आहे. डोकेदुखी गेली का, विचारलं. "ती गेली. पर माज्या बातम्या गेल्या," म्हणाले. मग जरा वेळाने, बाही खाली करता करता: "त्यात एक शेतीचा गेम हाय, डॉक्टर. पोरगं दावत हुतं. ट्रॅक्टर झ्याक चालतोय, पर आल्याला गादी वाफा कसा करायचा ते त्यांना ठावंच न्हाई."