हौसेला मोल नाही

२०२४ सालच्या मार्च महिन्याच्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याच्या लक्षात आले की, चाचणीच्या संगणकात दुरून प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत आहे. अर्ध्या सेकंदाची चिकित्सा करणारी माणसे जगात थोडी. हे गृहस्थ त्यांपैकी निघाले, हे जगाचे भाग्यच म्हणावयाचे. कारणाचा माग काढता काढता ते ‘एक्सझेड’ नावाच्या एका आज्ञावलीपाशी येऊन पोहोचले. माहिती आवळून ती थोड्या जागेत मावेल असे करणे एवढेच या आज्ञावलीचे काम. परंतु लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या बहुतेक संगणकांत ती वस्तीला असते. तिच्या नुकत्याच निघालेल्या दोन आवृत्त्यांत कोणीतरी एक चोरदरवाजा बसवून ठेवला होता. ज्याच्याजवळ किल्ली असेल त्याला दूरदेशीच्या संगणकाचा ताबा घेता यावा, अशी ती योजना होती. या आवृत्त्या मुख्यतः चाचणीसाठी काढलेल्या लिनक्स-संचांपर्यंतच पोहोचल्या होत्या, म्हणून मोठा अनर्थ टळला.

या प्रकरणात चोरदरवाजापेक्षा तो बसविण्याची संधी कशी मिळाली हे अधिक विचार करण्याजोगे आहे. एक्सझेडचा सांभाळ फिनलंडमधील एक गृहस्थ जवळजवळ एकट्याने, फावल्या वेळात आणि बिनपगारी करीत होते. २०२१ पासून ‘जिया टॅन’ असे नाव लावणारा कोणी सहकारी त्यांना दुरुस्त्या पाठवू लागला. पुढच्या वर्षी काही अनोळखी नावांनी तक्रारीची पत्रे सुरू झाली: सुधारणा वेळेवर होत नाहीत, झेपत नसेल तर काम दुसऱ्याकडे सोपवा. यांतील एक नाव तर चक्क भारतीय धाटणीचे होते. आपली मानसिक प्रकृती बरी नाही आणि शिवाय हे काम म्हणजे बिनपगारी हौस आहे, असे त्या गृहस्थांनी नम्रपणे कळविले. परंतु पत्रलेखकांना पाझर फुटला नाही. अखेर किल्ल्या नव्या सहकाऱ्याच्या हाती गेल्या. तो कोण, एक की अनेक, हे अद्याप उजेडात आलेले नाही. तक्रारीची पत्रेही त्याच कटाचा भाग असावीत, असा आता तर्क केला जातो.

तर्क खरा मानला तरी एक अप्रिय गोष्ट उरतेच. ती पत्रे त्या वेळी कोणाला खोटी वाटली नाहीत, कारण तशी खरी पत्रे हौशी आज्ञावलीकारांना नित्य येत असतात. वस्तू फुकट घ्यावयाची, तिच्यासोबतच्या परवान्यात ‘कसलीही हमी नाही’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते ते वाचावयाचे नाही, आणि बिघाड झाला की कर्त्याला नोकरासारखे फैलावर घ्यावयाचे, अशी रीत पडून गेली आहे. कटवाल्यांनी या रीतीचा केवळ उपयोग करून घेतला.

हौशी आज्ञावलीकार आणि पैसा यांचा तंटा पन्नास वर्षांचा आहे. १९७५ साली अमेरिकेत ‘अल्टेअर ८८००’ हा घरी जोडता येण्याजोगा संगणक निघाला आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ची पहिली बैठक भरली. एकाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याने उतरवून घ्यावी, सुधारावी, तिसऱ्याला द्यावी, हा तेथील शिष्टाचार होता. अल्टेअरसाठी ‘बेसिक’ ही संगणकभाषा तयार करणाऱ्या बिल गेट्स या वीस वर्षांच्या तरुणास मात्र त्यात निव्वळ चोरी दिसली. फेब्रुवारी १९७६ मध्ये त्याने हौशी मंडळींना एक अनावृत पत्र लिहिले. आपल्या मिळकतीचा हिशेब मांडला तर श्रमाचा मोबदला तासाला दोन डॉलरही पडत नाही, असे सांगून त्याने विचारले की, व्यावसायिक दर्जाचे काम फुकट करणे कोणाला परवडणार?

प्रश्न अर्थशास्त्राचा होता आणि रास्त होता. आज्ञावलीची एक प्रत आणखी काढण्यास जवळपास काहीच खर्च येत नाही. पण पहिली प्रत तयार करण्यास माणसाचे महिने आणि वर्षे जातात. किंमत शून्यावर आली तर ती वर्षे कोण खर्ची घालणार? या प्रश्नाला गेट्सने गृहीत धरलेले उत्तर मात्र खोटे ठरले. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केले की, आपण एक संगणक-प्रणाली लिहीत आहोत, ती केवळ हौस आहे, फार मोठी व्हायची नाही. तीच लिनक्स. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातील सर्वांत वेगवान अशा पाचशेच्या पाचशे संगणकांवर ती चालते. खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही तीच आहे. आणि काळाचा विनोद असा की, हौशी माणसाच्या घरात शिरलेला चोर ज्या फ्रॉइंड यांनी पकडला, ते नोकरीला होते गेट्स यांनीच स्थापन केलेल्या मायक्रोसॉफ्टमध्ये.

मग हौसेचा विजय झाला म्हणावयाचे काय? निम्माच. नवे घडविण्यात आनंद असतो आणि तो आनंद हेच त्या श्रमाचे वेतन असते. देखभालीत तो नाही. गणेशोत्सवाची आरास उभारण्यास गल्लीतील पोरे रात्र रात्र जागतात; विसर्जनानंतर मांडव उतरविण्यास त्यांतील किती उरतात, हे प्रत्येक मंडळाच्या चिटणीसाला विचारावे. आज्ञावलीचा मांडव तर कधीच उतरत नाही. यंत्रे बदलतात, नव्या फटी पडतात, आणि ज्याने विशीत गंमत म्हणून काही लिहिले त्याला पन्नाशीत अनोळखी बँकांच्या तक्रारींना उत्तरे द्यावी लागतात. ओपनएसएसएल या आज्ञावलीचे उदाहरण बोलके आहे. संकेतस्थळावर टंकलेला परवलीचा शब्द वाटेत कोणास वाचता येऊ नये, याची व्यवस्था लाखो ठिकाणी ती करते. एप्रिल २०१४ मध्ये तिच्यात ‘हार्टब्लीड’ नावाचा भयंकर दोष सापडला, तो दोन वर्षे तेथे पडून होता. तेव्हा कळले की, तिला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एक. तिच्या आधारावर अब्जावधींचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांना तोवर ही चौकशी करावीशी वाटली नव्हती.

हा सारा परदेशातला मामला, असे मराठी वाचकाने समजू नये. ‘सूर्याच्या’ आणि ‘वाऱ्याच्या’ या दोन शब्दांतील ‘र’ आणि ‘य’ यांची जोडणी वेगवेगळी आहे. मोबाइलच्या पडद्यावर ती बिनचूक उमटविणे, वेलांटी योग्य बाजूस बसविणे, जोडाक्षर फुटू न देणे हे काम अँड्रॉइडमध्ये ‘हार्फबझ’ नावाची मुक्त आज्ञावली करते. तिचा उगम ‘फ्रीटाइप’ या अक्षरे रेखाटणाऱ्या मुक्त प्रकल्पात आहे. शाळेची सूचना मोबाइलवर वाचणारा शिक्षक किंवा परीक्षेचा निकाल पाहणारा विद्यार्थी यांना ही नावे ठाऊक असण्याचे कारण नाही. पण ज्या सरकारी खात्यांचा मराठी कारभार आज पडद्यावर चालतो, त्यांना तरी ती ठाऊक असावीत. भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरविषयी धोरण जाहीर केले. ते ‘अवलंबाचे’ धोरण होते. अवलंब केल्यावर सांभाळ कोणी करावयाचा, हा प्रश्न आपल्याकडे कोणी गंभीरपणे विचारलेला दिसत नाही.

हौशी मंडळींना सरसकट पगार द्यावा, हा उपाय सुचणे साहजिक आहे. तो तितका सरळ नाही. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने १९७० मध्ये रक्तदानावर एक ग्रंथ लिहून दाखविले की, अमेरिकेत विकत घेतलेले रक्त ब्रिटनमधील स्वेच्छेने दिलेल्या रक्ताहून निकृष्ट ठरत होते. ज्या कामाची प्रेरणा दानाची, त्यास दर लावला की दाता बिथरतो आणि भलतेच लोक रांगेत येतात. एक्सझेडच्या कर्त्यास महिन्याचे पाकीट मिळाले असते तर कदाचित त्याची हौसच मेली असती. त्याला हवा होता तो विश्वासू मदतनीस, आणि तो वेळेवर पाठविणे हे त्या आज्ञावलीवर धंदा करणाऱ्यांचे काम होते. कंटाळवाणी तपासणी, जुन्या चुकांची नोंद, तक्रारदारांना उत्तरे देणे ही कामे पगारी माणसांनी करावीत आणि मूळ कर्त्याला त्याच्या हौसेपुरते मोकळे ठेवावे, ही विभागणी अवघड नाही.

सुरुवातही झाली आहे. जर्मन सरकारने २०२२ मध्ये अशा पायाभूत आज्ञावलींच्या देखभालीसाठी स्वतंत्र निधी उभारला. बंगळुरूच्या झिरोधा या दलाली-कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला वर्षाला दहा लाख डॉलर देण्याचे जाहीर केले. आपल्या मोठ्या बँकांनी आणि राज्य सरकारांनी परवाना-शुल्कात वाचलेल्या रकमेचा शंभरावा हिस्सा जरी या कामी बाजूस काढला, तरी चित्र पालटेल. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षी तोच तो ग्रंथालयाच्या नोंदींचा ‘प्रोजेक्ट’ करावयास लावण्याऐवजी एखाद्या जुन्या, थकलेल्या आज्ञावलीची दुरुस्ती सोपविली, तर त्याला तेवढाही खर्च नाही. मात्र त्यासाठी आधी प्राध्यापकांना ती वाचावी लागेल, ही अडचण आहे खरी.

एक्सझेडचे पुढे काय झाले, हे सांगावयास हवे. चोरदरवाजा उघडकीस आल्यावर फिनलंडचे ते गृहस्थ परत आले. त्यांनी घुसडलेला मजकूर शोधून काढून टाकला आणि २९ मे २०२४ रोजी स्वच्छ आवृत्ती प्रसिद्ध केली. तीही फुकटच होती.