पोतं कुणाच्या खांद्यावर होतं?

१७ सप्टेंबर आला की परभणीत झेंडे लागतात, भाषणं होतात. निजाम हरला, रझाकार संपले, आपण सुटलो. सुटलो हे खरंच. पण दोस्तहो, खटला कुणावर चालला हे माईकवर कुणी बोलत नाही.

मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत पाठीवर माल वाहतो. पोतं फुटलं की मुकादम पयलं विचारतो, कुणाच्या खांद्यावर होतं? हाच सवाल मी या इतिहासाला विचारतोय.

जर्मनीत तो निदान कोर्टात विचारला गेला. हिटलरचा फील्ड मार्शल मॅनस्टाइन १९४९ साली हॅम्बुर्गला इंग्रजांच्या लष्करी कोर्टापुढं उभा राहिला. आपल्या ताब्यातल्या मुलखात नागरिकांचे जीव राखले नाहीत, हा त्याच्यावर शाबीत झालेला एक गुन्हा. अठरा वर्षं ठोकली. मग बारा केली. १९५३ ला साहेब बाहेर! त्याच्या वकिलासाठी चर्चिलनं वर्गणी दिलेली. पुढं पश्चिम जर्मनीची नवी फौज उभारताना सल्लाही त्याचाच घेतला. जनरलची जात जनरललाच सांभाळते.

आपल्याकडं तेवढंही नाही. निजामाच्या फौजेचा सेनापती जनरल अल इद्रूस. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज आत शिरली, १८ ला इद्रूसनं सिकंदराबादेत मेजर जनरल चौधरींपुढं शरणागती पत्करली. रझाकार गावं जाळत होते तेव्हा तुझी फौज कुठं होती, हे त्याला कुठल्या कोर्टानं विचारलं? १९६२ ला तो बंगलोरात वारला. पंतप्रधान लायक अली १९५० ला नजरकैदेतून पाकिस्तानात पळाला. आणि खुद्द निजाम? १९५० ते १९५६ राजप्रमुख! ज्याच्या नावानं सगळं झालं, त्यालाच सलाम.

सापडला तो लातूरचा वकील कासीम रझवी. त्याची कड मी घेत नाही, त्याच्या टोळ्यांनी आयाबायांना रडवलं. पण तोही तुरुंगात राहिला बीबीनगरच्या दरोड्यासाठी. सात वर्षं. १९५७ ला सुटला, कराचीला गेला, १९७० ला मेला. मुलूख जाळल्याचा हिशेब दरोड्याच्या कलमात मिटवला.

आणि आता भाषणवाले गप का बसतात ते ऐका. पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांची कत्तल झाली. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं मेलेल्यांचा आकडा सत्तावीस ते चाळीस हजार धरला. उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा, नांदेड सगळ्यात जास्त पोळले. सरकारनं अहवाल दाबला, लोकांच्या हाती यायला साठाहून जास्त वर्षं गेली. ही मढी कुणाच्या खांद्यावर? चौधरी लष्करी गव्हर्नर होते. १९६२ ला ते देशाचे लष्करप्रमुख झाले.

निजामाची बाजू घेऊ नका, असं बाबासाहेबांनी १९४७ लाच आपल्या लोकांना बजावलं होतं. म्हणून निजामाचा पुळका आहे असं आम्हाला कुणी म्हणू नये. आमचं मागणं साधं आहे. सुंदरलाल अहवाल मराठीत छापा आणि येत्या १७ सप्टेंबरला परभणीत, झेंड्याखाली, मोठ्यानं वाचा.